चार ग्रे पुरतात का?



आज बोलायचं आहे ते जठराच्या एका कर्करोगाबद्दल, आणि त्याहून जास्त त्याच्या उपचाराच्या मात्रेबद्दल. मी लखनौमध्ये किरणोपचाराचं काम करतो. इथले लोक आमच्या उपचाराला 'सिकाई' म्हणतात. आपल्याकडे कोणी 'लाइट घेणं' म्हणतं, कोणी 'शेक घेणं'. शब्द वेगळे, पण डोळ्यांपुढचं चित्र सारखंच असतं. एक मोठं यंत्र, महिना-दीड महिना रोजच्या फेऱ्या, मळमळ, थकवा आणि घरच्यांची ओढाताण. आज ज्या उपचाराबद्दल सांगणार आहे, त्यात हा शेक फक्त दोनदा द्यायचा असतो. आज एकदा, उद्या एकदा, की झालं.

हे ऐकल्यावर बहुतेकांच्या मनात आनंदाऐवजी शंका येते. एवढ्याशा शेकानं कॅन्सर कसा जाईल? आपल्याला स्वस्तात तर गुंडाळत नाहीत ना? शंका रास्त आहे. म्हणून आज तिचंच उत्तर शोधू. उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्यांदा आजार नीट ओळखू. जठराचा कर्करोग म्हटलं की आपण एकच आजार समजतो. पण जठराच्या आतल्या अस्तराच्या पेशींपासून होणारा कर्करोग वेगळा आणि लिम्फोमा वेगळा. लिम्फोमा हा पांढऱ्या पेशींचा, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांचा आजार. त्यातही जठरात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक आक्रमक, झपाट्यानं वाढणारा, मोठ्या पेशींचा. दुसरा अतिशय संथ, वर्षानुवर्षं एकाच जागी बसून राहणारा. या दुसऱ्याचं नाव माल्ट लिम्फोमा. १९८३ साली ब्रिटनमधल्या पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट यांनी त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं. आजचं सगळं बोलणं या संथ आजाराबद्दल आहे. आक्रमक प्रकाराला किंवा अस्तराच्या कर्करोगाला यातली कुठलीही गोष्ट लावू नका. तिथे दोन दिवसांच्या शेकावर विसंबणं म्हणजे हातातला वेळ घालवणं.

आता एक गंमत पाहा. निरोगी जठरात या पांढऱ्या पेशींची वस्ती नसतेच. मग तिथे त्यांचा लिम्फोमा होतो कसा? त्यांना तिथे बोलावून आणणारा एक जंतू आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली तो जठरातून काढून प्रयोगशाळेत वाढवला. लोकांना पटेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःच त्या जंतूंचं द्रावण पिऊन दाखवलं आणि जठराला सूज आणवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. हा जंतू आपल्या देशात घरोघरी आहे. निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात तो असतो आणि त्यातल्या फारच थोड्यांना लिम्फोमा होतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण ज्यांना होतो, त्यांच्यात काय घडतं? जंतू हटत नाही म्हणून पहारेकरी येतात, वर्षानुवर्षं तळ ठोकतात, वाढत राहतात, आणि त्यातल्याच एका टोळीचा पुढे लिम्फोमा होतो. ही टोळी सुरुवातीला त्या जंतूच्या चिथावणीवरच जगत असते.

म्हणजे चिथावणी काढून घेतली तर? १९९३ साली अँड्र्यू वॉदरस्पून, आयझॅकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केलं. रुग्णांना जंतू मारणाऱ्या साध्या प्रतिजैविकांच्या गोळ्या दिल्या, आणि लिम्फोमा विरघळून गेला. कर्करोग गोळ्यांनी जातो, तोही किमोच्या नव्हे, अँटिबायोटिकच्या! आज आपल्याला माहीत आहे, की आजार जठरापुरता असेल आणि जंतू सापडला असेल, तर साधारण चारपैकी तिघांना एवढाच उपचार पुरतो.

त्याआधी काय व्हायचं? जठर काढून टाकायचे. पूर्ण किंवा बरंचसं. माणूस वाचायचा, पण जठर नसलेलं आयुष्य सोपं नसतं. दोन घास खाल्ले की पोट भरतं, जेवणानंतर घाम फुटून गळून जायला होतं, ब-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं जन्मभर घ्यावी लागतात. पुढे जर्मनीतल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं, की जठर जागेवर ठेवून उपचार केला तरी रुग्ण तितकेच जगतात. म्हणून आज कोणी या संथ लिम्फोमासाठी जठर काढायचं म्हणत असेल, तर दुसरं मत जरूर घ्या. रक्तस्राव थांबत नाही किंवा जठराला छिद्र पडलं, अशा अडचणीच्या वेळी शस्त्रक्रिया लागते, ती गोष्ट निराळी.

आता उरले ते चारातले एक. काहींमध्ये जंतू सापडतच नाही. काहींमध्ये जंतू मरतो, पण लिम्फोमा राहतो. त्यातल्या अनेकांच्या पेशींमध्ये ११ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांशी बदललेले असतात. अशी टोळी जंतूच्या चिथावणीवाचूनही जगायला शिकलेली असते. अशा रुग्णांसाठी किरणोपचार आहे.

लिम्फोमावर किरण चालतात हे नवं नाही. रॉन्टगेननी क्ष-किरण शोधले १८९५ साली, आणि १९०२ मध्ये शिकागोच्या विल्यम प्यूसी यांनी मानेतल्या लिम्फोमाच्या गाठी त्या किरणांनी विरघळल्याचं लिहून ठेवलं आहे. जठराच्या माल्ट लिम्फोमाबद्दल महत्त्वाचा अभ्यास आला १९९८ साली, न्यूयॉर्कहून. सतरा रुग्ण, साधारण ३० ग्रे मात्रा, आणि सतराच्या सतरा जणांच्या तपासणीत आजार नाहीसा. तेव्हापासून ३० ग्रे, पुढे २४ ग्रे, ही रूढ मात्रा झाली. रोज दीड ग्रे दिले तर ३० ग्रेला वीस दिवस, म्हणजे शनिवार-रविवार धरून चार आठवडे. रोज दोन ग्रे दिले तर २४ ग्रेला बारा दिवस, म्हणजे अडीच आठवडे.

'ग्रे' म्हणजे काय, ते सांगतो. लुई हॅरल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावावरून पडलेलं हे माप आहे. एक किलो शरीरात किरणांनी एक जूल ऊर्जा सोडली की तो एक ग्रे. उष्णता म्हणून पाहिलं तर हे काहीच नाही. चार ग्रेनं जठराचं तापमान एका अंशाच्या जेमतेम एक हजारांश भागानं वाढतं. गरम चहाचा एक घोट त्याच्या कितीतरी पट ऊर्जा पोटात नेतो. म्हणजे 'शेक' हा शब्द तसा फसवाच. किरण भाजत नाहीत. ते पेशीच्या केंद्रात शिरून तिचा डीएनए तोडतात. आणि 'कमी मात्रा' हा शब्दही जपूनच वापरायला हवा. हेच चार ग्रे एका दमात सगळ्या अंगावर पडले आणि उपचार मिळाला नाही, तर साधारण निम्मी माणसं दगावतील. आपण ते फक्त जठरावर देतो, म्हणून चालतं.

मग एवढ्यानं लिम्फोमा का मरतो? तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला साठ-सत्तर ग्रे लागतात. त्या पेशी किरण लागल्यावर लगेच मरत नाहीत, पुढे विभागायला जातात तेव्हा मरतात, आणि मधल्या काळात डागडुजीही करून घेतात. पांढऱ्या पेशींचं तसं नाही. त्या जन्मतःच हळव्या. डीएनए तुटल्याचं कळताच दुरुस्तीच्या भानगडीत न पडता त्या स्वतःच स्वतःला संपवतात. शरीराची ही जुनी सोय आहे, कारण बिघडलेला पहारेकरी फार धोकादायक. संथ लिम्फोमाच्या पेशींमध्ये हा स्वभाव बराचसा शिल्लक असतो. आपण फक्त इशारा द्यायचा, पुढचं काम पेशी आणि शरीर करतं. म्हणूनच परिणाम दिसायला काही महिने लागतात.

दोन ग्रे आज, दोन उद्या, ही पद्धत आधी आली वयस्क, थकलेल्या रुग्णांसाठी. १९९० च्या दशकात फ्रान्समधल्या डॉक्टरांनी केवळ त्रास कमी व्हावा म्हणून ती वापरली, आणि गाठी अपेक्षेपेक्षा जास्त विरघळल्या. २००३ साली नेदरलँड्समधून १०९ रुग्णांचा अभ्यास आला. दहापैकी नऊ जणांत गाठी घटल्या, आणि दहापैकी सहा जणांत पूर्णच गेल्या.

मग ब्रिटनमध्ये नीट चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. काहींना २४ ग्रे, काहींना चार. त्यातले बहुतेक रुग्ण फॉलिक्युलर नावाच्या दुसऱ्या संथ लिम्फोमाचे होते, माल्टच्या जातीतले थोडे. निकाल असा, की पाच वर्षांनंतर २४ ग्रे दिलेल्या जागांपैकी जवळजवळ ९० टक्के जागी आजार ताब्यात होता. चार ग्रे दिलेल्या जागी हे प्रमाण ७० टक्के होतं. जगण्यात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. हे आकडे लक्षात ठेवा. चार ग्रे म्हणजे जादू नव्हे. शंभर जागी दिले तर तीस जागी ते पाच वर्षं पुरत नाहीत.

याच आकड्यांतून पुढचा विचार निघाला. सरसकट सगळ्यांना २४ ते ३० ग्रे देण्याऐवजी आधी चार देऊन पाहिले तर? ज्यांचा आजार गेला त्यांना तिथेच थांबवायचं, उरला त्यांनाच पुढचे २० द्यायचे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रानं जठराच्या माल्ट लिम्फोमावर हेच करून पाहिलं. २४ रुग्ण. दोन दिवस दोन-दोन ग्रे, आणि मग ठरावीक महिन्यांनी दुर्बिणीतून तपासणी. वीस जणांचा आजार त्या चार ग्रेमध्येच गेला. काहींचा तीन-चार महिन्यांत, काहींचा त्याहून उशिरा. उरलेल्यांना गरजेनुसार पुढची मात्रा दिली, आणि वर्षअखेर २४ पैकी २३ जणांच्या जठरात आजार नव्हता. २४ हा आकडा लहान आहे, एकाच रुग्णालयाचा आहे, आणि दहा-पंधरा वर्षांनी काय होईल ते काळच सांगेल. म्हणून २४ ते ३० ग्रे ही मात्रा आजही चुकीची किंवा जुनाट नाही. ती भरवशाची आहे. प्रश्न एवढाच, की प्रत्येकाला ती लागते का.

आता लखनौकडे येऊ, कारण खरी कसोटी इथे आहे. शहरात मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आहे, त्याची पायाभरणी १९०५ सालची. रायबरेली रस्त्यावर संजय गांधी पदव्युत्तर संस्था आहे, जिला सगळे नुसतं 'पीजीआय' म्हणतात. गोमतीनगरात लोहिया संस्था आहे, अलीकडचं कल्याणसिंह कर्करोग संस्थान आहे. इथे येणारा रुग्ण लखनौचाच असतो असं नाही. तो बहराइच, गोंडा, सीतापूर, हरदोईहून येतो. पूर्वी यातले कितीतरी जण पुष्पक एक्स्प्रेसनं थेट मुंबई गाठायचे, टाटा रुग्णालयात. आजही जातात. परळच्या फुटपाथवर मुक्काम टाकलेली उत्तरेकडची कुटुंबं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील.

समजा, बहराइचजवळच्या गावातला एक सायकल दुरुस्तीवाला आहे. लखनौपासून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्याला चार आठवडे रोज शेक घ्यायचा असेल तर रोज येणं-जाणं शक्य नाही. म्हणजे लखनौत राहणं आलं, सोबत एक माणूस आला, दोघांची रोजी बुडाली. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचा आधार मिळतो, पण बुडालेली रोजी कोण भरून देणार? या माणसाला दोन दिवसांचा उपचार म्हणजे केवढी मोठी सुटका! शिवाय यंत्रावरच्या अठरा वेळा मोकळ्या होतात, त्या रांगेतल्या दुसऱ्या कोणाच्या कामी येतात. आपल्या देशात यंत्रं गरजेपेक्षा कमी आहेत, हे वेगळं सांगायला नको.

पण इथेच गाठ बसते. चार ग्रेचा उपचार दोन दिवसांचा दिसतो, पण तो दोन दिवसांत संपत नाही. त्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे पुढच्या तपासण्या. तीन-चार महिन्यांनी दुर्बीण, तुकडा काढून तपासणी, मग पुन्हा काही महिन्यांनी तेच. ३० ग्रे घेतलेला माणूस वर्षभर फिरकला नाही, तर चिंता थोडी कमी. चार ग्रे घेतलेला माणूस आलाच नाही, तर त्याच्यात आजार उरला आहे की नाही हे कळणारच नाही. म्हणजे ज्याला दोन दिवसांच्या उपचाराची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच माणसाला पुन्हा पुन्हा येणं सर्वांत अवघड आहे. पोटात दुखत नाही, भूक लागते, मग भाडं खर्चून नळी गिळायला कशाला जायचं? हा विचार मूर्खपणाचा नाही. तो गरिबीचा हिशेब आहे.

म्हणून मला विचाराल तर मात्रा ठरवताना अहवालाइतकाच हा हिशेबही समोर ठेवायला हवा. तपासणीला येणं जमणार असेल, जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीची सोय असेल, घरचं कोणी जबाबदारी घेत असेल, तर आधी चार ग्रे देऊन पाहणं हा समजूतदार मार्ग आहे. जमणारच नसेल, तर एकदाच २४ ग्रे देऊन टाकणं हेही तितकंच समजूतदार. विज्ञान एकच आहे, पण माणसागणिक उत्तर बदलतं.

दुसरी अडचण मनातली आहे. आपल्याला जास्त औषध म्हणजे चांगलं औषध वाटतं. सलाइन लावलं नाही तर डॉक्टरनं काही केलंच नाही, असं वाटणारी माणसं आपल्याच घरात आहेत. किरणोपचारात हा समज महाग पडतो. जठराच्या मागेच डावं मूत्रपिंड आहे, बाजूला यकृत, वर हृदय. मूत्रपिंडाला सरासरी पंधरा-अठरा ग्रेच्या पुढे जाऊ द्यायचं नसतं. ३० ग्रे देताना ते सांभाळावं लागतं आणि आम्ही सांभाळतो. चार ग्रे देताना ती चिंता जवळजवळ उरतच नाही. थोडी मळमळ झाली तर झाली. तरी तयारी तीच असते. तीन-चार तास उपाशीपोटी यायचं, कारण भरलेलं जठर फुगतं, जागा बदलते. आधी सीटी स्कॅन करून जठराचा नकाशा काढायचा. श्वासाबरोबर जठर वरखाली होतं, त्याचा अंदाज घ्यायचा. दोनच वेळा द्यायचे आहेत म्हणून यातलं काही गाळायचं नसतं.

आता हा आजार तुमच्या घरात निघाला, तर काय करायचं? चार गोष्टी सांगतो.

पहिली, निदान पक्कं करा. तुकडा एकच नको, जठराच्या वेगवेगळ्या भागांतले अनेक हवेत. संथ की आक्रमक, हे अनुभवी पॅथॉलॉजिस्टनं खास रंगचाचण्या करून सांगायला हवं. तुकडे मेणाच्या ठोकळ्यात जपलेले असतात, त्यांना 'ब्लॉक' म्हणतात. ते मागून घ्या आणि सांभाळून ठेवा. दुसरं मत घ्यायला रुग्णाला मुंबईला नेण्याआधी ब्लॉक पाठवून चालतं.

दुसरी, जंतूची तपासणी झाली का, ते विचारा. औषधाचा कोर्स साधारण चौदा दिवसांचा असतो, तो अर्धवट सोडू नका. आपल्याकडे या जंतूला काही औषधं जुमानत नाहीत, म्हणून तो गेला का हे पुन्हा तपासावंच लागतं. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, आणि ॲसिडिटीची गोळी दोन आठवडे बंद ठेवून. नाही तर जंतू असूनही तपासणीत दिसत नाही.

तिसरी, घाई करू नका. जंतू गेल्यावर लिम्फोमा विरघळायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त काळ लागतो. त्रास नसेल आणि आजार घटत असेल, तर डॉक्टर 'थांबून पाहू' म्हणतील. तो हलगर्जीपणा नव्हे, तोही उपचारच आहे.

आणि चौथी, किरणोपचाराची वेळ आली तर डॉक्टरांना सरळ विचारा: माझ्यासाठी किती ग्रे, आणि का? चार देऊन पाहता येतील का? नाही, तर कशामुळे? आजार उरला तर पुढे काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि उपचार कुठलाही घ्या, तपासणीच्या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आजार गेला तरी अशा जठरात अस्तराचा कर्करोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते. म्हणून दुर्बीण अधूनमधून लागतेच.

चाळीस वर्षांत या आजाराचा उपचार जठर काढण्यापासून ३० ग्रेपर्यंत, आणि तिथून चार ग्रेपर्यंत उतरला आहे. प्रत्येक पायरी उतरताना कोणीतरी विचारलं होतं, एवढं खरंच लागतं का? पुढची पायरी उतरायला नवं यंत्र लागणार नाही. लागेल ती बहराइचहून तीन महिन्यांनी पुन्हा लखनौला येण्याची सोय. भाड्याचे पैसे, फोनवरची आठवण, आणि जिल्हा रुग्णालयात चालू असलेली एक दुर्बीण. ती सोय झाली, की चार ग्रे कितीतरी जणांना पुरतील.